चिखलीचा तांब्या, पुनावळ्याचा मुरूम

२०२१ सालच्या अखेरीस पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सोन्याची २१६ नाणी आणि काशाचा एक तांब्या जप्त केला. चिखलीत एका बांधकामाची खोदाई चालू असताना हा ऐवज मजुरांच्या हाती लागला होता आणि तो कुणाला न सांगता घरी नेण्यात आला होता. नाण्यांचं एकूण वजन भरलं २,३५७ ग्रॅम. भागाकार केला तर दर नाण्याला ११ ग्रॅमला जरा कमी येतात, आणि मुघल मोहरेचं वजन नेमकं तेवढंच असायचं. नाणी १७२० ते १७५० या काळातली असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणजे दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद शाह आणि पुण्यात बाजीराव, नानासाहेब. त्या काळी मराठी मुलखातल्या टांकसाळीही बादशहाच्याच नावाने नाणी पाडत. त्यामुळे नाण्यावर बादशहाचं नाव आहे एवढ्यावरून ते पुरणारा कोण होता याचा काहीच अंदाज येत नाही.

चिखली हे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ईशान्य टोकाला, पुनावळे पश्चिमेला. दोन्ही गावं १९९७ साली महापालिकेत आली आणि दोन्हीकडे शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या. पुनावळ्यात अजून ज्यांची दहा-वीस गुंठे जमीन उरली आहे, त्यांच्या घरी विकसनाच्या कराराबरोबर एक विचार डोकावतोच: जेसीबी लागण्याआधी एकदा मेटल डिटेक्टर फिरवून घ्यावा का? जुनं गावठाण, पवना नदीचा काठ, पणजोबांच्या वाड्याचा चौथरा. विचार वेडेपणाचा नाही. पण यंत्रांच्या जाहिरातीत ‘तीन मीटर’, ‘पाच मीटर’, ‘दहा मीटर’ असे आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा खरेपणा तपासायचा तर यंत्र जमिनीत नेमकं काय पाहतं हे आधी समजून घ्यावं लागेल.

पहिली गोष्ट अशी, की सोनं ओळखणारं यंत्र अस्तित्वात नाही. मेटल डिटेक्टर ओळखतो ती वीजवाहकता. त्याच्या तळाच्या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता प्रवाह सोडला की खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र पसरतं. वाटेत धातूचा तुकडा आला तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उमटतात. या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते वर येतं आणि यंत्र तेवढंच टिपतं. सोनं उत्तम वाहक आहे, पण तांबं आणि चांदी त्याच्याहून सरस आहेत आणि ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास आहे. सोन्याला चुंबक ओढत नाही, तसा ॲल्युमिनियमलाही ओढत नाही. यंत्राच्या लेखी बारीक अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याची तोडलेली कडी यांत फरक असा फारसा नाहीच.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात हीच सर्वांत महत्त्वाची. वेटोळ्यापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. ते खाली जाताना एकदा कमी होतं आणि परतीचा संदेश वर येताना पुन्हा तसाच कमी होतो. दोन्ही मिळून अंतराचा सहावा घात. नाणं दुप्पट खोल असेल तर संदेश ६४ पट क्षीण, तिप्पट खोल असेल तर ७२९ पट. उलट बाजूने पाहिलं तर यंत्राची विद्युतशक्ती १०० पट वाढवली तरी क्षेत्र १० पटच वाढतं, आणि तेवढ्याने खोली वाढते दीडपटीहूनही किंचित कमी. त्यामुळे ‘आमचं यंत्र दुसऱ्यांपेक्षा दहा पट खोल बघतं’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने दहा लाख पट संदेशाची सोय कुठून केली हे त्याला विचारावं.

मग खोली वाढते कशाने? सर्वांत जास्त वस्तूच्या आकाराने. वाहक वस्तूचा प्रतिसाद ढोबळमानाने तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. मोहर सुमारे २ सेंटिमीटर व्यासाची. तांब्या समजा १२ सेंटिमीटर रुंदीचा धरला, तर व्यास सहापट आणि प्रतिसाद २१६ पट. (चिखलीच्या नाण्यांचा आकडाही २१६ आहे, हा निव्वळ योगायोग.) पण सहाव्या घाताच्या जाचातून २१६ पट प्रतिसाद पार पडला की खोलीत उरतात फक्त अडीच पट. सुटी मोहर ज्या यंत्राला २५ सेंटिमीटरवर कळते, त्याला तांब्या साठ सेंटिमीटरच्या आसपास कळेल.

आणि कळेल तो तांब्याच. प्रवाह भांड्याच्या भिंतीत फिरतात आणि आतल्या पोकळीपर्यंत क्षेत्र जवळजवळ पोहोचूच देत नाहीत. मोहरांनी भरलेला तांब्या आणि मातीने भरलेला तांब्या यंत्राला सारखेच ऐकू येतात. तीच नाणी मातीच्या मडक्यात पुरली असती तर मडक्याने अडथळा केला नसता. पण सुट्या नाण्यांमधून प्रवाह एका नाण्यातून दुसऱ्यात नीट जात नाही, त्यामुळे तेवढ्याच सोन्याच्या एका लगडीपेक्षा ढीग कमी बोलतो. शिवाय चिखलीचं अख्खं सोनं एकत्र वितळवलं तर ते भरतं जेमतेम १२२ घनसेंटिमीटर. सोनं जड असल्यामुळे फार लहान जागेत मावतं. सराफाला हा गुण सोयीचा, शोधणाऱ्याला मात्र अडचणीचा.

आता यंत्रांकडे येऊ.

सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे बीएफओ. यात दोन आंदोलक जवळजवळ एकाच वारंवारतेवर चालतात. एकाचं वेटोळं जमिनीवर फिरतं, दुसरं यंत्राच्या पेटीत स्थिर असतं. धातू आला की पहिल्याची वारंवारता जराशी सरकते आणि दोघांच्या फरकाचा सूर बदलतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि ऑनलाइन मिळणारी अगदी हलकी यंत्रं बहुधा या जातीची. दोन-चार बोटं खोल असलेली खिळ्यांची पुडी शोधायला ती ठीक आहेत. खोलीच्या गोष्टीत त्यांना धरायचं कारण नाही.

दुसरा प्रकार प्रेरण-संतुलनाचा, आणि त्याची एक जुनी कथा खोलीच्या प्रश्नाला अगदी लागू आहे. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये असं संतुलन दाखवलं होतं. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि ती शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना कळेना, तेव्हा टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने याच तत्त्वावर यंत्र तयार केलं आणि रुग्णशय्येपाशी नेलं. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शोध घ्यायला लावला उजव्या बाजूला, गोळी होती डावीकडे आणि अंदाजापेक्षा खोल. त्यातच गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. सप्टेंबरात गारफील्ड गेले. चुकीची जागा, जास्तीची खोली आणि आजूबाजूचं लोखंड: हीच तीन कारणं आज पुनावळ्यातल्या प्लॉटवरही यंत्राला हरवतात.

पुढे दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातल्या युझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधण्याचं हातात धरण्याजोगं यंत्र बनवलं आणि ते १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत वापरलं गेलं. आजचा सर्वसाधारण मेटल डिटेक्टर हा त्याच घराण्यातला. त्याला व्हीएलएफ म्हणतात, म्हणजे अगदी कमी वारंवारतेवर चालणारा. चकतीत दोन वेटोळी असतात, एक पाठवणारं आणि एक ऐकणारं. ती अशी बसवलेली असतात की खाली काही नसताना ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येऊ नये. धातू आला की हे संतुलन बिघडतं. पण याची खरी करामत पुढेच आहे. परतीचा संदेश पाठवलेल्या संदेशापेक्षा किती मागे रेंगाळला, हे यंत्र मोजतं. चांदीचं जाड नाणं जास्त रेंगाळतं, पातळ वर्ख कमी, आणि लोखंड आपल्या चुंबकीय गुणामुळे भलतीकडेच दिसतं. या रेंगाळण्यावरून यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं आणि विक्रेता त्या आकड्याला ‘गोल्ड’ म्हणतो.

सोन्याला मात्र स्वतःचा असा आकडा नाही. नाकातली चमकी, १८ कॅरेटची अंगठी, २२ कॅरेटची पाटली आणि जवळजवळ शुद्ध मोहर यांचे आकडे पट्टीच्या चार वेगवेगळ्या भागांत पडतात. त्याच भागांत गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं आणि वायरीचे तुकडेही पडतात. सोनं सोडायचं नसेल तर कचराही उकरावा लागतो. यावर तोड नाही.

वारंवारतेची निवडही अशीच कात्रीत सापडलेली आहे. सोन्याचे बारीक कण लवकर विझणारे प्रवाह देतात, म्हणून ते पकडायला वारंवारता चढी लागते. ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅब कंपनीचं सोन्याच्या कणांसाठीचं गोल्ड मॉन्स्टर ४५ किलोहर्ट्झवर चालतं, अमेरिकन फिशर कंपनीचं गोल्ड बग-२ तर ७१ वर. पण चढ्या वारंवारतेला माती जास्त त्रास देते. जाड नाणं किंवा तांब्या हवा असेल तर ५ ते १५ किलोहर्ट्झ पुरे. पुनावळ्यात नदीच्या वाळूत चमकणारे सोन्याचे कण कुणाला मिळणार नाहीत, हे इथे सांगून टाकतो. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे आणि त्यात सोन्याच्या शिरा नसतात. महाराष्ट्रात भूगर्भातलं सोनं शोधायला भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं गेलं ते नागपूर जिल्ह्याच्या जुन्या खडकांत, परसोडीकडे. आपल्याकडे सापडेल ते माणसाने पुरलेलं. म्हणून ‘गोल्ड डिटेक्टर’ या नावाने खास कणांसाठी बनवलेलं महागडं चढ्या वारंवारतेचं यंत्र इथे घेणं म्हणजे चुकीच्या देशासाठी घेतलेली वस्तू.

बेसॉल्टची दुसरी अडचण अशी, की तो स्वतःच चुंबकीय आहे. त्यात मॅग्नेटाइट आणि त्याचे भाऊबंद भरपूर असतात. खडक कुजून मुरूम झाला, मुरुमाची माती झाली तरी हे कण राहतात, काही तर आणखी त्रासदायक रूपात बदलतात. चुंबकाचा तुकडा दोऱ्याला बांधून कोरड्या मातीतून ओढून पाहावा, काळी मिशी उगवते. यंत्राच्या लेखी ही सगळी जमीनच एक मोठं, अंधुक लक्ष्य असते. त्यावर उपाय म्हणून व्हीएलएफ यंत्रात जमिनीचं संतुलन करण्याची सोय असते: धातू नाही अशा जागी चकती वर-खाली करायची आणि यंत्राला सांगायचं की हा आवाज मातीचा, तो वजा कर. माती एकसारखी असेल तर हे छान चालतं. पण प्लॉटवर एका हातावर काळी माती, दुसऱ्या हातावर भराव टाकलेला मुरूम, मध्ये बेसॉल्टची डबर. दर पावलाला जमीन बदलते आणि यंत्र दर पावलाला ओरडतं. पवनेकाठी जिथे जिथे वीटभट्टी लागली होती तिथे तर विचारूच नका. माती भाजली की तिच्यातल्या लोहाचं रूप बदलून ती अधिक चुंबकीय होते. जुन्या घरातल्या चुलीची जागाही अशीच फसवते. तिथे सोनं आहे असं समजून लोक खोदतात आणि खाली भाजकी लाल माती निघते.

सपाट, शांत मातीत चांगलं व्हीएलएफ यंत्र नाणं एक फुटापर्यंत सांगतं. आपल्या मातीत त्याच्या अर्ध्या-पाऊण खोलीवर समाधान मानावं. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी नवी यंत्रं, मिनलॅबचं २०१८ मधलं इक्विनॉक्स हे त्यातलं लोकप्रिय नाव, मातीचा आवाज बराच कमी करतात. पण सहावा घात त्यांनाही चुकलेला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे पल्स इंडक्शन, बोलीभाषेत पीआय. याचा जन्म १९६० च्या दशकात ऑक्सफर्डच्या पुरातत्त्व प्रयोगशाळेतल्या कामातून झाला. यात सतत प्रवाह नसतो. वेटोळ्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडायचा, एकदम तोडायचा आणि मग ऐकायचं. देवळातली घंटा वाजवून हात काढून घेतल्यावर तिचा नाद किती वेळ घुमतो हे ऐकावं, तसं. धातूतले प्रवाह तोडल्यानंतरही काही मायक्रोसेकंद रेंगाळतात: बारीक सोन्यात अगदी थोडे, जाड मोहरेत बरेच, मोठ्या भांड्यात त्याहून खूप. प्रक्षेपण थांबल्यावर ऐकायचं असल्याने स्वतःच्याच गोंगाटाचा त्रास नाही आणि म्हणून जोर लावता येतो. मातीतल्या चुंबकीय कणांचा प्रतिसादही काळाबरोबर एका ठरावीक रीतीने घटतो. दोन वेगवेगळ्या क्षणी मोजणी करून योग्य प्रमाणात वजाबाकी केली की माती जवळजवळ नाहीशी होते. ऑस्ट्रेलियातल्या लोहयुक्त तांबड्या मातीत व्हीएलएफ यंत्रं हात टेकत होती, तिथे ब्रूस कँडी यांच्या संशोधनावर मिनलॅबने १९९५ मध्ये एसडी-२००० हे यंत्र आणलं आणि सोनं शोधणाऱ्यांचा धंदाच पालटला.

बेसॉल्टच्या जमिनीत खोली हवी असेल तर तत्त्वतः पीआय हेच योग्य यंत्र. यात मला शंका नाही. पण दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही. मातीची वजाबाकी करताना ज्या वस्तूंचा नाद मातीशी जुळतो त्याही वजा होतात, आणि काही आकाराचं सोनं नेमकं त्या भोकात पडतं. दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त गंभीर: पीआयला लोखंड आणि सोनं यांतला फरक फारसा कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर चार खिळे जास्तीचे उकरले तर काही बिघडत नाही. पुनावळ्यात गेली वीस वर्षं बांधकाम चालू आहे. बाइंडिंग तारेचे तुकडे, सेंट्रिंगचे खिळे, कापलेल्या सळया, वेल्डिंगच्या कांड्या, पत्र्याच्या शेडचे नटबोल्ट. त्याखाली शेतीच्या काळातलं: बैलाचे नाल, नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धाव. चिखलीशेजारच्या कुदळवाडीत तर वर्षानुवर्षं भंगाराची गोदामं होती, ती महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. तिथल्या मातीत पीआय यंत्र चालू केलं तर ते बंद करेपर्यंत गप्प बसणार नाही. गाडीची धाव मीटरभर खाली असली तरी पीआय तिला ऐकेल, आणि तीच आठ तास खणून बाहेर काढल्यावर घरातल्या माणसांची तोंडं पाहण्यासारखी होतील. शेजारून उच्चदाबाची वाहिनी जात असेल किंवा पलीकडच्या साइटवर वेल्डिंग चालू असेल तर त्याचा खरखराट वेगळाच.

चौथा प्रकार दोन पेट्यांचा. दांड्याच्या एका टोकाला पाठवणारी पेटी, दुसऱ्या टोकाला ऐकणारी, मध्ये साधारण मीटरभर अंतर. एवढ्या मोठ्या मांडणीला सुटं नाणं दिसतच नाही, खिळाही दिसत नाही, आणि हाच त्याचा मोठा गुण. हंडा, पेटी, घंगाळ एवढ्या आकाराची वस्तू मात्र ते मीटर-दीड मीटरपर्यंत सांगतं. पुरलेला ऐवज शोधण्यासाठी पुनावळ्यासारख्या जागी मला निवड करायची असेल तर मी महागड्या पीआयऐवजी हे घेईन. पण मग पाण्याचा लोखंडी पाइप, जुन्या बोअरचं केसिंग आणि पाडलेल्या घराची सळईदार तुळईसुद्धा तेवढ्याच आनंदाने सापडेल, आणि चिखलीच्या तांब्याएवढी वस्तू खोल असेल तर निसटेल.

या पलीकडची साधनं मेटल डिटेक्टर नव्हेत, ती भूभौतिकीची उपकरणं. चुंबकमापक लोखंड आणि खडक पाहतो, सोनं मुळीच नाही. बेसॉल्टमध्ये तर खडकाच्याच गोंगाटात बुडतो. विद्युतरोध मोजणारं यंत्र चार सळया जमिनीत ठोकून प्रवाह पाठवतं. विहिरीचं पाणी शोधायला आपल्याकडे ते सर्रास वापरतात, पण नाण्यांचा तांब्या त्याच्या मोजमापात फारच लहान. जमिनीत रेडिओलहरी सोडून परतीचा प्रतिध्वनी ऐकणारं रडार पोकळी, पाइप, पाया छान दाखवतं. मात्र ओल्या काळ्या मातीतली चिकणमाती या लहरी गिळून टाकते आणि पावसाळ्यानंतर रडार मीटरभरही नीट पाहत नाही. ते धातूचा प्रकारही सांगत नाही. दगड, पोकळी आणि हंडा तिन्ही पडद्यावर कमानीसारखेच दिसतात.

या उपकरणांवर किती भरवसा ठेवावा याचा मोठा धडा २०१३ मध्ये देशाला मिळाला. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा इथल्या जुन्या गढीखाली हजार टन सोनं असल्याचं स्वप्न एका साधूला पडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पाहणी केली आणि जमिनीखाली ५ ते २० मीटरच्या पट्ट्यात अचुंबकीय विसंगती असल्याचं नोंदवलं. सोनं-चांदी किंवा इतर धातू असण्याची शक्यताही मांडली. ऑक्टोबरात पुरातत्त्व खात्याने खोदाई सुरू केली. देशभरचे कॅमेरे तिथे लागले. काही दिवसांत काम थांबलं. हाती आली ती खापरं, विटांचे अवशेष आणि असल्याच किरकोळ वस्तू. उपकरण खोटं बोललं नव्हतं. जमिनीत काहीतरी वेगळं होतं, एवढंच ते म्हणत होतं. ‘वेगळं’ या शब्दाच्या जागी ‘सोनं’ हा शब्द माणसांनी घातला.

आता राहिला बाजारात सर्वांत जोरात खपणारा प्रकार. हातात पिस्तुलासारखी मूठ, पुढे झुलणारी अँटेना, खटक्यावर ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’, ‘डायमंड’, आणि दावा शेकडो मीटर दूरवरून सोनं दाखवण्याचा. हे लाँग रेंज लोकेटर म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. मूठ जराशी कलली की अँटेना फिरते, आणि हात नकळत तिकडेच कलतो जिकडे मनात आधीच संशय आहे. पाणाड्याच्या काडीत आणि यात फरक फक्त किमतीचा. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या असल्याच एका खेळण्यातून ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने एडीई-६५१ नावाचं ‘बॉम्बशोधक’ केलं आणि इराकला विकलं. त्या यंत्राच्या भरवशावर बगदादच्या नाक्यांवरून गाड्या सोडल्या गेल्या. २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. बॉम्ब न सापडल्यास निदान कळतं तरी. सोनं न सापडल्यास विक्रेता म्हणतो की ते ‘सरकलं’.

आणि धन सरकतं, राखणदार मागतं, ही समजूत आपल्याकडे नुसती बाळबोध नाही, रक्तरंजित आहे. मानवत गावातल्या हत्याकांडात १९७२ नंतरच्या दोन वर्षांत लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या, त्यामागे गुप्तधनाचा हव्यास होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गंमत म्हणजे, अलीकडे असले मांत्रिकही सोबत यंत्र बाळगतात. दिवे लागतात, सूर वाजतो, आणि समोरच्याला वाटतं की हे शास्त्रीय आहे.

तेव्हा पुनावळ्यातल्या माणसाने काय करावं? सर्वांत उपयोगी परीक्षा फुकट आहे. यंत्र विकायला किंवा भाड्याने फिरवायला जो येईल त्याला आपल्या स्वतःच्या जमिनीत तपासायचं. आदल्या दिवशी घरातला तांब्याचा लोटा तीन फुटांवर पुरावा, एक फुटावर दहा रुपयांचं नाणं, आणि चार जागा नुसत्याच उकरून बुजवाव्यात. खुणा स्वतःपाशी ठेवाव्यात. दुकानात चकतीसमोर हवेत अंगठी नाचवून दाखवतात ते प्रात्यक्षिक पाहूच नये. हवेत माती नसते. तीन फुटांवरचा लोटा न ओळखणारं यंत्र दहा मीटरवरचा हंडा सांगणार नाही, आणि रिकाम्या जागांवर सोनं दाखवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

जगातले मोठे शोधही फार खोल नव्हते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये केव्हिन हिलियर यांना साध्या गॅरेट यंत्राने २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा सापडला, तो होता फूटभर खाली. इंग्लंडमधला स्टॅफर्डशायरचा ठेवा २००९ मध्ये नांगरटीच्या थरातच मिळाला. त्याहून खोल असलेलं सोनं यंत्राने नाही, खोदाईनेच मिळतं, चिखलीला मिळालं तसं. तळघराच्या दोन मजल्यांसाठी जेसीबीचं बकेट जेव्हा सात-आठ मीटर उतरतं, तेव्हा एकही डिटेक्टर त्याची बरोबरी करत नाही. बकेट रिकामं होतं त्या ढिगाऱ्यावर मात्र साधं व्हीएलएफ यंत्र कमालीचं काम करतं, कारण आता वस्तू वीतभर मातीखाली असते. खोली संपवली की स्वस्त यंत्रही हुशार होतं. कुणाला खरंच यंत्र फिरवायचं असेल तर ते खोदण्याआधी नव्हे, खोदल्यावर, डंपर भरायच्या आत फिरवावं.

सापडलंच तर पुढचा रस्ता १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने आखून दिला आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हक्क सांगणारा कुणी नसेल आणि ठेवा बेवारस ठरला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त मोजावा लागतो. खबर दडवली तर हा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.